ऑस्ट्रेलियातील माध्यमिक शाळेत ॲबोरिजिनल विद्यार्थ्यांना साथ कशी द्यावी?

तुम्ही लिहिले आहे की महाराष्ट्रात अकरा वर्षे गणित शिकवून तुम्ही यंदा न्यू साउथ वेल्समधील एका गावच्या सरकारी हायस्कूलमध्ये रुजू झालात. इयत्ता नववीच्या तुमच्या वर्गात पाच ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी समाजांतले, विद्यार्थी आहेत. त्यांपैकी एक मुलगी तीन आठवड्यांपासून आलेली नाही, एक मुलगा मागच्या बाकावर हूड डोक्यावर ओढून बसतो आणि काहीही विचारले तरी ‘येस मिस’ एवढेच म्हणतो, आणि या पाचही जणांचा ‘पर्सनलाइज्ड लर्निंग पाथवे’ (प्रत्येकाचा स्वतंत्र शिक्षण-आराखडा) महिन्याभरात लिहून द्या असे शाळेने सांगितले आहे. ‘मी सगळ्या मुलांना सारखेच वागवते, मग या मुलांसाठी वेगळे असे काय करायचे?’ हा तुमचा प्रश्न आहे.

मी याच राज्याच्या पश्चिम भागात एकोणीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवते आहे, आणि पहिल्या वर्षी माझाही नेमका हाच प्रश्न होता. सारखे वागवणे चुकीचे नाही, पण ज्या अडचणीपाशी तुम्ही अडला आहात ती त्याने सुटत नाही. अडचण अशी आहे की ‘शाळा’ या गोष्टीवर या मुलांच्या घरांचा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या बसलेला नाही, त्याला सबळ कारणे आहेत, आणि तो विश्वास नसताना तुम्हाला वर्गात रेषीय समीकरणे शिकवायची आहेत. माझ्या अनुभवाचे सार सांगायचे तर मुलांशी ओळख होण्याच्या बाबतीत सबुरी ठेवावी आणि गणिताच्या बाबतीत कसलीही कसर ठेवू नये. नवे शिक्षक चांगल्या हेतूनेच याच्या बरोबर उलट करतात. ते जवळीक साधण्याची घाई करतात आणि अभ्यास मात्र सोपा करून देतात.

आधी एक कबुली देते. मी जे सांगणार आहे त्यातले बरेच काही ठिकाणावर अवलंबून आहे. ब्रिटिश आले तेव्हा या खंडात अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. त्यामुळे ‘ॲबोरिजिनल संस्कृती’ असे एकवचनी बोलणेच दिशाभूल करणारे आहे, आणि टॉरस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक तर आणखी वेगळे आहेत. नॉर्दर्न टेरिटरीतील दुर्गम वस्त्यांत इंग्रजी ही मुलांची तिसरी किंवा चौथी भाषा असू शकते, तर सिडनीच्या उपनगरातील मुलाची ती घरची भाषा असते. तुमचे गाव विराजुरी लोकांच्या भूमीवर आहे की गमिलराय लोकांच्या, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. आणखी एक गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या मराठी लिखाणात सर्रास दिसणारा ‘ॲबोरिजिनी’ हा शब्द इथे जुनाट आणि अपमानकारक मानला जातो. तो बोलण्यातून काढून टाका.

विश्वास नसण्याची कारणे मला पुस्तकातून कळली नाहीत, एका अंगणात कळली. माझ्या दुसऱ्या वर्षी आठवीतल्या एका मुलाच्या आजीला भेटायला मी शाळेतल्या ॲबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसरबरोबर (यांनाच एईओ म्हणतात; त्या शाळा आणि घरे यांना जोडतात) गेले होते. आजी व्हरांड्यात बसल्या होत्या, त्यांनी चहा दिला आणि पाऊण तास शाळेविषयी एक शब्दही काढला नाही. ‘तुझी माणसे कुठली?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी माझ्या गावाचे, गोदावरीचे, माझ्या आजीचे सांगत राहिले. निघताना त्यांनी एवढेच सांगितले की त्या सहा वर्षांच्या असताना त्यांना आणि त्यांच्या भावाला गावच्या शाळेच्या फाटकातून परत पाठवले होते, आणि त्यानंतर त्या फाटकातून आत जायला त्यांना नातवंडांच्या वेळीसुद्धा धीर होत नव्हता. घरी येऊन मी वाचले तेव्हा समजले की ही एका शाळेची लहर नव्हती. या राज्यात १९०२ पासून गोऱ्या पालकांनी हरकत घेतली तर ॲबोरिजिनल मुलांना सरकारी शाळेतून काढता येत असे, आणि मुख्याध्यापकांचा त्यांना प्रवेश नाकारण्याचा अधिकार शिक्षकांच्या नियमपुस्तिकेतून निघाला तो १९७२ साली. त्याच्या जोडीला, साधारण १९१० ते १९७० या काळात सरकारी अधिकाऱ्यांनी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत ठेवले, ज्याचा अहवाल १९९७ मध्ये आला आणि ज्याबद्दल पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत माफी मागितली. म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या-पणज्यांच्या आयुष्यात शाळा आणि सरकारी गाडी या भीतीच्या गोष्टी होत्या. आजही घरापासून दूर, सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांत ॲबोरिजिनल मुलांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या कितीतरी पट आहे. शाळेतून फोन आला की घर गप्प होते, त्यामागे ही सगळी पार्श्वभूमी असते.

आता वर्गाकडे येऊ. इथे एक शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल, ‘शेम’. मुले म्हणतात, ‘शेम, मिस’. आपल्या ‘लाज’ या शब्दात त्याचा काही अंश येतो, पण पूर्ण अर्थ येत नाही. चूक केल्याची लाज त्यात आहेच. त्याशिवाय चारचौघांत एकट्याला वेगळे काढले जाण्याचा संकोचही त्यात आहे, मग ते वेगळे काढणे कौतुकासाठी का असेना. मी हे एका मुलाची किंमत देऊन शिकले. नववीच्या चाचणीत त्याला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि आपल्याकडच्या सवयीप्रमाणे मी त्याला उभे करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्याने मान खाली घातली, दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर गेला, आणि पुढच्या चाचणीचा कागद त्याने कोरा दिला. एईओंनी मला नंतर शांतपणे समजावले की मी त्याला त्याच्या भावंडांच्या वर नेऊन ठेवले होते, आणि ती जागा त्याला नको होती. तेव्हापासून मी कौतुक वहीच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहून करते, किंवा दाराशी उभी असताना हळू आवाजात करते, आणि फळ्यावर एकट्या मुलाला कधीच बोलावत नाही. दोघे-तिघे मिळून येतात. रागवायचे झाले तरी हाच नियम पाळते. सगळ्यांसमोर ‘हूड काढ’ असे म्हटले की प्रश्न हूडचा उरत नाही, तो मानाचा होतो, आणि अशा क्षुल्लक ठिणगीतून निलंबनापर्यंत गेलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. ॲबोरिजिनल मुलांचे निलंबन इतरांपेक्षा फार जास्त प्रमाणात होते, आणि त्यातली बरीच प्रकरणे अशीच चारचौघांतल्या एका वाक्यापासून सुरू होतात.

तुमच्या मुलाचे ‘येस मिस’ याच्याशीच जोडलेले आहे. आपण मराठी शिक्षक दर पाच मिनिटांनी ‘समजलं का?’ असे विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. इथे ते ‘हो’ पुष्कळदा समजल्याचे नसते. अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने थेट प्रश्न विचारला की संभाषण लवकर संपावे म्हणून हो म्हणून टाकायचे, ही ॲबोरिजिनल समाजात जपलेली आणि न्यायालयांतल्या साक्षींच्या संदर्भातही अभ्यासली गेलेली सवय आहे. त्यामुळे ‘समजलं का?’ हा प्रश्नच टाकून द्या. त्याऐवजी शेजारी बसा, दोघांचीही नजर वहीवर राहू द्या, स्वतः एक पायरी मांडा आणि पुढची पायरी त्याच्या हाती सोडून गप्प बसा. डोळ्याला डोळा न भिडवणे हा उद्धटपणा नसून बहुधा आदर असतो, आणि शांततेत इथे कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. अवघडते ते आपल्याला. घड्याळ लावून पाहा, मुलाला उत्तरासाठी आपण दोन सेकंदही देत नाही. मी दहा देते.

या मुलाविषयी मी आणखी एक शक्यता सर्वांत आधी तपासेन, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती वारंवार नजरेतून सुटते. ती म्हणजे कान. ॲबोरिजिनल मुलांमध्ये मध्यकर्णाचा दाह फार लहान वयात सुरू होतो, वारंवार होतो आणि लांबतो. गर्दीची घरे, धूर, दवाखान्याचे अंतर अशी त्याची अनेक कारणे आहेत. पडद्यामागे पाण्यासारखा द्रव साचून राहतो किंवा पडद्याला भोक पडते, आणि ऐकू येणे कमी होते. ते पूर्ण जात नाही आणि रोज सारखेही राहत नाही, म्हणून घरच्यांना आणि शिक्षकांना मूल ‘मनाला येईल तेव्हा ऐकणारे’ वाटते. स्वर ऐकू येतात, पण स, फ, ट, थ अशी क्षीण व्यंजने गळतात. गणिताच्या तासाला याचा परिणाम कसा होतो ते पाहा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘सिक्स्टीन’ आणि ‘सिक्स्टी’ यांतला फरक पंखा चालू असलेल्या वर्गात अशा मुलाला ऐकूच येत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा तोंडी उदाहरणांत सतत चुकायचा आणि तीच उदाहरणे लिहून दिली की बिनचूक सोडवायचा. मला वाटले होते की तो लक्ष देत नाही. मी फळ्याकडे तोंड करून बोलते त्या वेळी त्याचे चुकते आणि त्याच्याकडे तोंड करून बोलते त्या वेळी चुकत नाही, हे एका शेवटच्या तासाला माझ्या लक्षात आले. तपासणीत दोन्ही कानांत दोष निघाला. तेव्हा शाळेच्या नर्समार्फत किंवा गावातल्या ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसमार्फत, घरच्यांच्या संमतीने, श्रवणतपासणी करून घ्या. हिअरिंग ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था सव्वीस वर्षांखालील पात्र मुलांना यंत्रे आणि सेवा पुरवते. तपासणी होईपर्यंत अंक बोलताना फळ्यावर लिहा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि त्याची जागा बदलायची असेल तर त्याच्याबरोबर त्याच्या मित्राचीही बदला.

भाषेचा मुद्दा मराठी माणसाला समजावणे सोपे आहे. ही मुले घरी जी इंग्रजी बोलतात तिला ॲबोरिजिनल इंग्लिश म्हणतात, आणि ती अशुद्ध इंग्रजी नसून स्वतःचे नियम असलेली बोली आहे. ‘मॉब’ म्हणजे आपली माणसे, ‘डेडली’ म्हणजे झकास. विदर्भातले मूल ‘मले’ म्हणाले म्हणून त्याला वर्गात हसणारे शिक्षक आपण पाहिले आहेत, आणि त्या मुलाने पुढे हात वर करणे कसे सोडून दिले तेही पाहिले आहे. परीक्षेला प्रमाण इंग्रजी लागते, ती जरूर शिकवा, पण ‘घरचे असे म्हणतात आणि परीक्षक असे वाचतो’ अशा दोन्हींचा मान राखणाऱ्या पद्धतीने शिकवा, आणि बोलण्याच्या मध्येच दुरुस्ती करू नका.

गैरहजेरीच्या बाबतीत ती मुलगी का येत नाही हे मला इथून सांगता येणार नाही. घरी लहान भावंडे सांभाळणे, शाळेतले एखादे भांडण, गावात घर नसणे, काहीही असू शकते. पण ‘सॉरी बिझनेस’ची, म्हणजे मृत्यूनंतरच्या शोकविधींची, शक्यता विचारात घ्या. कोणी गेले की दूरदूरची माणसे जमतात, अंत्यविधीला पाचशे किलोमीटर जावे लागते आणि मूल दोन-दोन आठवडे शाळेबाहेर राहते. आपल्याला सुतक माहीत आहे, त्यामुळे यातला गंभीरपणा आपल्याला वेगळा समजावून घ्यावा लागत नाही. फरक इतकाच आहे की इथे नात्याचा परीघ मोठा आहे आणि मरणे लवकर येतात. २०२०–२२ च्या सरकारी आकड्यांनुसार ॲबोरिजिनल आणि टॉरस सामुद्रधुनी लोकांचे अपेक्षित आयुर्मान इतरांपेक्षा आठ वर्षांहून अधिक कमी आहे. माझे इंग्रज सहकारी ‘कझिनच्या अंत्यविधीसाठी इतके दिवस?’ असे विचारतात, तेव्हा मला आठवते की आपल्या भाषेत चुलतभाऊ हाही आधी भाऊच असतो. इथेही आईची बहीण आईच असते. मृत व्यक्तीचे नाव घेणे आणि तिचे छायाचित्र दाखवणे बऱ्याच समाजांत काही काळ टाळतात, म्हणून गावात कोणी गेल्याचे कळले की शाळेच्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंबद्दल आधी एईओंना विचारा.

एईओ म्हणजे या सगळ्यातली तुमची पहिली व्यक्ती. व्हिक्टोरियात त्यांना कूरी एंगेजमेंट सपोर्ट ऑफिसर म्हणतात, इतर राज्यांत नावे बदलतात. त्या गावातल्याच असतात, सगळी घरे त्यांच्या ओळखीची असतात, आणि म्हणूनच त्यांना फक्त ‘मुले बिघडली की बोलवायची माणसे’ समजणे हा अन्याय आहे. चांगल्या दिवशीही त्यांच्याकडे जा. तसेच न्यू साउथ वेल्समध्ये १९७७ पासून ॲबोरिजिनल एज्युकेशन कन्सल्टेटिव्ह ग्रुप आहे, त्याच्या स्थानिक शाखेच्या बैठकीला जा आणि पहिल्या दोन-तीन वेळा फक्त ऐका. ज्येष्ठांना ‘आंटी’, ‘अंकल’ म्हणतात, पण आपल्याकडे कोणालाही काकू-मावशी म्हणतो तसे नव्हे. तो मान समाजाने दिलेला असतो, म्हणून तुम्ही काय म्हणावे हे विचारून घ्या.

‘पर्सनलाइज्ड लर्निंग पाथवे’ एकटीने लिहून देऊ नका. शाळेची मुदत पाळायची म्हणून शिक्षकांनी पाच पाने एकसारखी भरलेली मी पाहिली आहेत. त्यात मुलाचे नाव सोडले तर मुलाचे काहीच नसते. हा कागद विद्यार्थी, घर आणि शाळा यांनी मिळून करायचा असतो, आणि मुदतवाढ मागावी लागली तरी मागा. मी घरच्यांना शाळेत बोलवण्याआधी एईओंना विचारते की भेट कुठे व्हावी, आणि ती कधी नदीकाठच्या बाकावर होते, कधी फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला. उद्दिष्टे दोनच ठेवते, त्यातले एक मुलाच्या तोंडचे. एका मुलीने सांगितले होते, ‘आजीच्या गोळ्यांचे वेळापत्रक आणि मात्रा मला स्वतः काढता आल्या पाहिजेत.’ त्या सत्रात गुणोत्तर आणि एकके तिने जितकी पक्की केली तितकी माझ्या कोणत्याही पाठाने झाली नसती. दर पाच आठवड्यांनी तो कागद मुलासमोर उघडा, नाहीतर तो फाइलमध्ये पडून राहतो.

आता ‘कसर नाही’ म्हणजे काय ते सांगते, कारण माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान इथे होते. शांत बसतो आहे ना, मग रंगवायला किंवा सोपी पाने सोडवायला देऊ, असे म्हणून मुलाला खालच्या गटात टाकले जाते, आणि अकरावीत त्याला ‘स्टँडर्ड’ या सोप्या पातळीचे गणितही झेपत नाही. क्वीन्सलँडमधील शेरबर्ग येथील शाळेत ख्रिस सारा १९९८ साली मुख्याध्यापक झाले. तिथले ते पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक होते. त्यांनी ‘स्ट्राँग अँड स्मार्ट’ हे ब्रीद घेतले त्याचा गाभाच हा होता की ॲबोरिजिनल असणे आणि हुशार असणे यांत विरोध नाही. ॲबोरिजिनल आणि इतर लोकांमधील दरी कमी करण्यासाठीच्या ‘क्लोजिंग द गॅप’ या राष्ट्रीय करारात २०३१ पर्यंत २० ते २४ वयोगटातील ९६ टक्के ॲबोरिजिनल आणि टॉरस सामुद्रधुनी तरुणांनी बारावी किंवा समकक्ष शिक्षण पूर्ण करावे असे उद्दिष्ट आहे. २०२१ मध्ये ते प्रमाण ६८.१ टक्के होते. सोपी पाने देऊन हे अंतर भरणार नाही. मूल मागे असेल तर खालचे रिकामे दुवे शोधा, अपूर्णांकांपासून पुन्हा बांधा, जेवणाच्या सुटीत दार उघडे ठेवा, पण गंतव्य तेच ठेवा. क्लॉन्टार्फ फाउंडेशनसारख्या, खेळाच्या ओढीने मुलांना शाळेत टिकवणाऱ्या उपक्रमांचा मला आदर आहे, आणि शिक्षकाने सकाळी त्यांच्या सरावाला हजर राहावे असेही मी म्हणेन. पण मैदानावर टिकलेल्या मुलाला वर्गात शिकवणे हे शेवटी आपलेच काम आहे.

पाठात त्यांचे ज्ञान आणायचे असेल तर सजावट म्हणून आणू नका. आपल्याच राज्यातल्या ब्रेवॉरिना येथे बार्वन नदीत दगडांच्या मासेमारीच्या बांधांची सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची रचना आहे. पाण्याची पातळी बदलली तरी मासे वेगवेगळ्या कप्प्यांत अडकावेत अशी तिची मांडणी आहे, आणि प्रवाह, उतार आणि क्षेत्रफळ शिकवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. विज्ञानात आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यांतून दिसणारा एमू पक्ष्याचा आकार घ्या. त्याचे डोके त्रिशंकूजवळच्या काळ्या ढगात असते, आणि संध्याकाळच्या आकाशात त्याची स्थिती पाहून अंड्यांचा हंगाम ओळखतात. मात्र कोणती कथा वर्गात सांगण्याजोगी आहे हे स्थानिक ज्येष्ठ ठरवतात. आणि त्या पाच मुलांकडे वळून ‘तुमच्यात असे असते ना?’ असे कधीही विचारू नका. कित्येकांना ते ठाऊक नसते, कारण ते सांगणाऱ्यांनाच तोडून नेले गेले होते.

आपल्याविषयी एकच गोष्ट सांगते. ‘आम्हीही ब्रिटिशांच्या राज्यात होतो’ असे लगेच म्हणण्याचा मोह होतो, तो आवरा. आपण इथे स्वेच्छेने, व्हिसा घेऊन, त्यांच्या भूमीवर आलो आहोत. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिन साजरा करतो. त्याच तारखेला १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहतवाल्यांचा पहिला ताफा सिडनी कोव्ह येथे उतरला, आणि १९३८ मध्ये त्याच दिवशी ॲबोरिजिनल पुढाऱ्यांनी सिडनीत शोकदिन पाळला. पहिल्या सत्राच्या सुरुवातीला सुटीतल्या झेंडावंदनाचे फोटो उत्साहाने दाखवण्याआधी हे ध्यानात असू द्या.

सोमवारी काय करायचे, तर एईओंकडे जाऊन त्या मुलीविषयी विचारा आणि निरोप त्यांनाच नेऊ द्या. तीन आठवड्यांची उदाहरणे एका पातळ वहीत, प्रत्येक प्रकाराचे एक सोडवलेले उदाहरण घालून, तयार ठेवा. ती आली की कारण विचारू नका आणि वर्गासमोर स्वागतही करू नका. तिची खुर्ची तिच्या मैत्रिणीशेजारीच असू द्या, आणि जवळून जाताना वही ठेवून एवढेच म्हणा, ‘बरे झाले आलीस. आपण पान चारवर आहोत, पहिले मी मांडते.’